रात्रीतून भाडं कसं वाढलं?

प्रश्न : आम्ही मोशीत राहतो. सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी मिळून २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत दापोलीजवळ कर्द्याला जायचं ठरवलं. मोबाइलवरच्या ॲपवर समुद्राजवळचं एक घर आवडलं. रात्री पाहिलं तेव्हा एका रात्रीचे ५,८०० रुपये दिसत होते. सकाळी शेजाऱ्यांशी बोलून पुन्हा उघडलं, तर तेच घर ८,२०० झालेलं. पैसे भरायच्या पानावर गेलो, तर दोन रात्रींचे मिळून २६ हजारांच्या वर. आम्ही लहान-मोठे सहा जण आहोत. मी रात्री ते घर पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो, म्हणून ॲपने भाव वाढवला का? घरमालकाला असं करता येतं का? आणि यावर कुठे दाद मागता येते का?
— एक वाचक, मोशी

उत्तर : आधी तिन्ही प्रश्नांची थेट उत्तरं देतो. तुम्ही घर वारंवार पाहिलं म्हणून भाव चढला, ही शक्यता फार कमी आहे. बुकिंग पक्कं होईपर्यंत भाडं बदलण्याची मालकाला मोकळीक आहे. दादही मागता येते, मात्र भाव वाढला एवढ्या कारणावरून नाही. खरा भाव तुमच्यापासून शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवला असेल, तर ती तक्रार होऊ शकते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे. रात्री घर पाहताना तुम्ही तारखा आणि माणसांची संख्या टाकली होती का? बहुतेक जण टाकत नाहीत. आधी घरं चाळायची, फोटो पाहायचे, समुद्र किती लांब ते बघायचं आणि घर आवडलं की मग तारखा टाकायच्या, अशी आपली रीत असते. पण तारखा न टाकता पाहिलं की दिसणारा आकडा बहुधा त्या घराचा आडवारचा भाव असतो, आणि माणसं न टाकल्यास ॲप एकदोघांचाच हिशेब धरतं. सकाळी तुम्ही तारखा टाकल्या असतील, तर भाव रात्रीतून चढला असं म्हणता येणार नाही. त्या तारखांचा भाव तुम्हाला सकाळी पहिल्यांदा दिसला.

तुमच्या बिलाची फोड माझ्यासमोर नाही, म्हणून तुमच्या आकड्यांशी जुळेल असा एक नमुना मांडतो. शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री, प्रत्येकी ८,२००. मूळ भाडं चार माणसांचं आणि त्यावरच्या प्रत्येक माणसाला रात्रीचे ५०० असं धरू. तुम्ही सहा, म्हणजे रात्रीमागे हजार वाढले. दोन रात्रींचे १८,४०० झाले. साफसफाईचे एकदाच १,२०० मिळवले की १९,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५२८. ॲपचं सेवाशुल्क १४ टक्के धरलं तर २,७४४, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के कर, ४९४. बेरीज २६,३६६ रुपये. ५,८०० प्रमाणे दोन रात्रींचे ११,६०० होतील असं तुम्ही मनात धरलं असणार. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त झाले. यात कुणी तुमच्यावर पाळत ठेवण्याची गरजच पडली नाही.

या हिशेबातला जीएसटी जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण भाडं अचानक उडी मारतं त्याचं एक कारण तिथे आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून निवासाचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर लागतो. ७,५०० च्या वर गेलं की संपूर्ण भाड्यावर १८ टक्के. आणि कर ठरतो तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर, दरपत्रकावर छापलेल्या आकड्यावर नव्हे. ७,४०० रुपयांची रात्र करासकट ७,७७० ला पडते. ७,६०० ची ८,९६८ ला. मालकाने भाडं २०० रुपयांनी वाढवलं, पण तुमच्या खिशातून १,१९८ रुपये जास्त गेले. दोन कुटुंबांसाठी अख्खं घर घेतलं की ही रेषा सहज ओलांडली जाते. मालक छोटा असेल, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला स्वतः जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. तरीही बुकिंग ॲपवरून झालं की तो कर भरण्याची जबाबदारी ॲप चालवणाऱ्या कंपनीवर येते. म्हणून कोकणातल्या साध्या वाडीतल्या घरालाही ॲपवर कर लागलेला दिसतो.

आता समजा, तुम्ही रात्रीही तारखा टाकल्या होत्या आणि तरीही सकाळी भाव वेगळा होता. हेही होतं. अनेक मालक भाव स्वतः ठरवत नाहीत, ते काम संगणकावर सोपवतात. सुट्टीची घरं भाड्याने लावून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीने २०१५ साली मालकांसाठी 'स्मार्ट प्रायसिंग' नावाची सोय आणली. मालक कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाव सांगून ठेवतो. त्या दोन आकड्यांच्या मधला भाव मागणी पाहून आपोआप बदलत राहतो. प्राइसलॅब्ज, बियाँड यांसारख्या कंपन्या हेच काम स्वतंत्रपणे करून देतात. आजूबाजूची घरं भरली, सुट्टी जवळ आली, त्या तारखा शोधणारे वाढले की आकडा वर जातो. तुम्ही झोपलेले असताना कर्द्यातली दोन-तीन घरं गेली असतील, तर उरलेल्यांचा भाव सकाळी चढलेला दिसेल. आणखी एक साधं कारण : एअरबीएनबीवर नव्याने नोंदवलेल्या घराला पहिल्या तीन बुकिंगसाठी २० टक्के सवलत देण्याची सोय आहे. तिसरं बुकिंग झालं की सवलत संपते आणि पुढच्या पाहुण्याला वाटतं, भाव एकाएकी चढला.

एरवी रविवारची रात्र स्वस्त असते, कारण सोमवारी कामावर जायचं म्हणून पाहुणे रविवारी दुपारीच परततात. २०२६ साली २६ जानेवारी सोमवारी आली आणि रविवारची रात्रही शनिवारइतकी महाग झाली.

ही पद्धत आली कुठून, हेही सांगायला हवं, कारण ती घरभाड्यातून जन्मलेलीच नाही. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. १९८१ मध्ये पीपल एक्स्प्रेस नावाची अगदी स्वस्त विमानं चालवणारी कंपनी आली आणि जुन्या कंपन्यांची झोप उडाली. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी त्यावर उपाय काढला. एकाच विमानातल्या काही जागा आधी बुकिंग करणाऱ्यांना पीपल एक्स्प्रेसइतक्या स्वस्त द्यायच्या, आणि ऐन वेळी येणाऱ्या, कामासाठी प्रवास करणाऱ्या लोकांसाठी काही जागा महाग ठेवून राखायच्या. जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी ही भाडी जाहीर केली. दोन वर्षांतच पीपल एक्स्प्रेस विकली गेली. पुढे मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी तेच गणित खोल्यांना लावलं. आपल्या रेल्वेनेही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना फ्लेक्सी भाडं लावलं : दर १० टक्के जागा भरल्या की भाडं १० टक्क्यांनी वर.

या सगळ्यामागचं कारण एकच आहे. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. कर्द्यातल्या मालकाचा पावसाळा बहुतेक कोरडाच जातो. समुद्र खवळलेला, पर्यटक तुरळक. घराची डागडुजी, राखणदाराचा पगार, विजेचं बिल मात्र बारा महिने चालू. वर्षभराचा खर्च त्याला दिवाळी, नाताळ, जोडसुट्ट्या आणि मे महिना एवढ्यातच काढायचा असतो. म्हणून जोडसुट्टीत तो भाव वाढवतो, यात मला वावगं काही दिसत नाही. तुमच्या मोशीतही वेगळं काय होणार? डिसेंबरमध्ये प्रदर्शन केंद्रावर 'किसान' कृषी प्रदर्शन भरतं, राज्यभरातून शेतकरी येतात. त्या दिवसांत मोशी-भोसरीतल्या लॉजवाल्याने खोली नेहमीच्याच भावात दिली पाहिजे, असं कोणताही कायदा सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकीटविक्री सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हाच त्या तारखांचे आसपासच्या हॉटेलांचे भाव कित्येक पटींनी चढले होते.

माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. मोशीच्या उपबाजारात पहाटे भाजीचे भाव चढतात-उतरतात, पण बोली उघड्यावर लागते; आवक किती झाली ते सगळ्यांना दिसतं, शेजारच्या गाळ्यावर काय भाव फुटला ते ऐकू येतं. ॲपवर यातलं काहीच दिसत नाही. किती घरं शिल्लक आहेत, काल हेच घर कितीला गेलं, आजचा आकडा माणसाने ठरवला की यंत्राने, हे सगळं फक्त एका बाजूला ठाऊक असतं. म्हणूनच तुमच्यासारख्याच्या मनात 'मी पाहिलं म्हणून वाढवलं' असा संशय येतो. तो संशय अगदी अनाठायी म्हणता येणार नाही, कारण त्याला इतिहास आहे. २००० साली ॲमेझॉनने एकाच डीव्हीडीचे वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे भाव लावले होते. बोभाटा झाल्यावर कंपनीला माफी मागून फरकाचे पैसे परत करावे लागले. २०१२ मध्ये ऑर्बिट्झ ही प्रवासाची वेबसाइट ॲपलचा संगणक वापरणाऱ्यांना जास्त महागडी हॉटेलं वर दाखवते, असं उघडकीला आलं. त्यात खोलीचा भाव तोच होता, फक्त यादीचा क्रम बदललेला होता. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर टॅक्सीचं भाडं वेगळं दिसतं, या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा पाठवल्या. दोन्ही कंपन्यांनी तो आरोप नाकारला.

तुमच्या बाबतीत संशय खरा की खोटा, हे पाच मिनिटांत तपासता येतं. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी तेच घर, त्याच तारखा, तीच सहा माणसं टाकून पाहा. दोन्हीकडे खात्यात लॉगिन न करता पाहा, म्हणजे सदस्यांची किंवा नव्या ग्राहकाची सवलत मध्ये येणार नाही. आकडा सारखा आला तर तुम्ही किती वेळा पाहिलं याचा काही संबंध नाही. वेगळा आला तर दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ दिसू द्या. तो पुरावा मोलाचा आहे. पडद्यावर 'फक्त १ शिल्लक' असं लाल अक्षरांत दिसलं तर घाबरून घाईने पैसे भरू नका. अख्खं घर भाड्याने असतं तिथे ते एकच असणार.

कायद्याकडे वळू. आपल्याकडे खासगी ट्रॅव्हल्सच्या बसभाड्याला मर्यादा आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलं की अशा बसचं भाडं एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीपुढे नेता येणार नाही. पाकीटबंद मालावर एमआरपी असते. सुट्टीच्या घराच्या भाड्यावर अशी कोणतीही कमाल मर्यादा नाही. पडद्यावर दिसणारा भाव हा करार नसतो. तुम्ही मागणी करता, समोरचा ती स्वीकारतो आणि बुकिंग पक्कं झाल्याचा निरोप येतो, तिथे करार होतो. त्याआधी मालक भाव बदलू शकतो, तसे तुम्हीही पाठ फिरवू शकता.

पण भाव दाखवायचा कसा, याला मात्र नियम आहेत, आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्स नियम आले. त्यांनुसार विक्रेत्याने सगळे सक्तीचे आकार आणि कर धरून एकूण किंमत एका आकड्यात सांगितली पाहिजे, आणि तिची फोडही दिली पाहिजे. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीतून संमती घेता येत नाही. एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करता येत नाही. तक्रार केल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी आहे. तुमच्या प्रकरणाशी संबंधित तीन : ड्रिप प्रायसिंग, म्हणजे किमतीचे काही भाग सुरुवातीला न सांगता हळूहळू उघड करणं, खोटी घाई, म्हणजे नसलेली टंचाई दाखवणं, आणि बास्केट स्नीकिंग, म्हणजे न विचारता विमा, देणगी असलं काही बिलात घुसवणं. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून असे प्रकार काढून टाकण्याची सूचना केली.

तेव्हा तुमची तक्रार कशी उभी राहते ते पाहा. '५,८०० चे ८,२०० झाले' ही तक्रार टिकणार नाही. 'तारखा आणि सहा माणसं टाकल्यावरही मला एका रात्रीचा एकच आकडा दाखवला आणि साफसफाई, सेवाशुल्क, कर हे शेवटच्या पानावर लावले' ही तक्रार टिकू शकते. दोन्हींतला फरक नीट लक्षात ठेवा.

जगभर हाच झगडा चालू आहे. युरोपीय आयोगाच्या दबावानंतर २०१९ मध्ये एअरबीएनबीने तिथे शोधाच्या पहिल्याच पानावर एकूण किंमत दाखवायचं मान्य केलं. अमेरिकेत सुट्टीच्या घरांसाठी एकूण किंमत आधी दाखवण्याची सक्ती १२ मे २०२५ पासून लागू झाली, आणि त्याच्या थोडं आधी, एप्रिलमध्ये, एअरबीएनबीने करांव्यतिरिक्तचे सगळे आकार धरून किंमत दाखवण्याची पद्धत जगभर सुरू केली. ऑस्ट्रेलियातलं प्रकरण तर आपल्या परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. २०१८ ते २०२१ या काळात एअरबीएनबीवर हजारो ग्राहकांना आकडा अमेरिकी डॉलरमध्ये दाखवला गेला, पण त्यांनी तो ऑस्ट्रेलियन डॉलर समजून बुकिंग केलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला आणि ग्राहकांना भरपाईही द्यायला लावली. थायलंड किंवा बालीचं घर शोधताना पहिल्यांदा चलन रुपयांवर आहे का ते पाहा. बँका कार्डावर परकीय चलनाचा आकार वेगळा लावतात.

आता कर्द्याचं काय करायचं? पुढच्या वेळी आधी तारखा आणि माणसं टाका, लहान मुलंही धरून, आणि मगच घरं पाहा. एका रात्रीचा आकडा वाचूच नका. एकूण रक्कम भागिले माणसं, एवढाच हिशेब करा. फुकट रद्द करता येईल असं घर मिळत असेल तर ते आधी घेऊन ठेवा आणि तारीख जवळ येईपर्यंत अधूनमधून भाव पाहत राहा. उतरला तर आधी नवीन घ्या, मग जुनं रद्द करा. बुकिंगनंतर भाव उतरला म्हणून मालक फरक परत करत नाही, तसाच चढला तर तो तुमच्याकडून मागूही शकत नाही.

आणि तुमच्या भागाला एक फायदा आहे, तो मला तुम्हाला आवर्जून सांगायचा आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एरवी ही अडचणच वाटते, मुलांची शाळा रविवारी बंद आणि आईबाबा गुरुवारी घरी. पण मेच्या सुट्टीत किंवा दिवाळीनंतरच्या आठवड्यात हा गुरुवार सोन्यासारखा आहे. मंगळवारी पाळी संपवून संध्याकाळी निघा, बुधवारची एक रजा टाका, गुरुवारी दुपारी परत या. मंगळवार आणि बुधवार अशा दोन रात्री मिळतात. वरच्याच नमुन्याने हिशेब करू : ५,८०० अधिक जास्तीच्या दोघांचे हजार, दोन रात्रींचे १३,६००, साफसफाईसह १४,८००. दिवसाला ७,४०० पडले, म्हणजे ७,५०० च्या आत, म्हणून कर ५ टक्के, ७४० रुपये. सेवाशुल्क २,०७२ आणि त्यावरचा कर ३७३. एकूण १७,९८५. तेच घर, तितकीच माणसं, ८,३८१ रुपये वाचले. शिवाय ताम्हिणी घाटात शनिवारची रांग नाही. ऐन मेमध्ये आडवारचे भावही थोडे चढे असतात, तरी शनिवारपेक्षा कमीच.

मालकाला थेट फोन केला तर स्वस्त पडेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. पडतं. सेवाशुल्क वाचतं, आणि मालक नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर करही लागत नाही. कोकणात अनेक घरगुती निवासांच्या पाट्यांवर, नकाशांवर क्रमांक असतात, आणि राज्याच्या 'न्याहारी व निवास' योजनेत नोंदलेली घरंही आहेत. पण थेट व्यवहारात मधला जबाबदार कुणी राहत नाही. नातेवाइकांनी, सहकाऱ्यांनी राहून पाहिलेलं घर असेल तर खुशाल थेट ठरवा. समाजमाध्यमावर सुंदर फोटो पाहून अनोळखी क्रमांकावर आगाऊ पैसे पाठवू नका. लोणावळ्याच्या बंगल्यांच्या नावावर अशी फसवणूक पुष्कळदा झाली आहे. फोटो दुसऱ्याच घराचे आणि खातं तिसऱ्याच माणसाचं. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितकी घाई कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बुकिंग पक्कं झाल्यावर मालकाचा फोन येतो : 'भाव चुकून कमी टाकला गेला, तीन हजार वरून द्या, नाहीतर तुम्हीच रद्द करा.' तुम्ही रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर रद्द करण्याचा आकार तुमच्यावर पडतो. मालकाने केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. फोनवर भांडत बसू नका, ॲपच्याच संदेशात लिहून विचारा आणि त्याचं उत्तर लिखित घ्या. मग ॲपच्या ग्राहक सेवेला कळवा.

तिथे निभलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे घर दापोलीचं आणि कंपनी परराज्यातली असली तरी तुमची तक्रार पुण्यात चालेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. तिचे कार्यकर्ते तक्रार लिहायलाही मदत करतात. पहिल्या पानाचा, शेवटच्या पानाचा आणि बिलाच्या फोडीचा स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा. ज्यांनी पुढे दाद मागितली नाही, त्यांपैकी पुष्कळांकडे तक्रार होती, कागद नव्हता.